बडोद्याची शिष्यवृत्ती आणि भाड्याची खोली

आपण बडोदेकर मराठी मंडळी पाहुण्यांना एक गोष्ट हमखास सांगतो: बाबासाहेबांना अमेरिकेला आमच्या सयाजीराव महाराजांनी पाठवलं. समोर इंदूरकर असला तर तोही मागे हटत नाही, "अहो, जन्म आमच्याकडचा, महूचा!" दोन्ही खरं आहे. पण आपली गोष्ट आपण नेहमी अर्ध्यावर सोडतो. महाराजांनी पैसे दिले, मुलगा शिकला, जगात मोठा झाला, आणि चहा आला की विषय संपतो. मधले १९१७ सालचे अकरा दिवस कुणी सांगत नाही. ते दिवस आपल्याच गावात घडले. आज त्यांच्याबद्दल लिहायचं आहे, आणि त्या निमित्ताने आपल्या मंडळांमधल्या, ज्ञातींमधल्या विद्यार्थी फंडांबद्दलही. पोस्ट लांब झाली आहे, सवडीने वाचा.

आधी महाराजांचं श्रेय पूर्ण द्यायला हवं. नाशिककडच्या कवळाण्याचा गोपाळ १८७५ मध्ये दत्तक आला आणि १८८१ च्या अखेरीस त्याच्या हाती पूर्ण अधिकार आले. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांतच संस्थानाने अंत्यजांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. (शब्द त्या काळचा, दप्तरातला आहे.) १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू झाला. त्या काळी ब्रिटिश मुलखातसुद्धा हे नव्हतं.

या शाळांना अडचण आली ती मास्तरांची. पगार सरकारी होता, इमारत होती, पाट्या-पुस्तकं फुकट होती. पण सवर्ण हिंदू मास्तर त्या वर्गात पाय ठेवायला तयार होईनात. शेवटी मुसलमान मास्तर नेमावे लागले. पुढे १९०८ च्या सुमारास महाराजांनी पंजाबहून आर्य समाजाचे पंडित आत्माराम अमृतसरी यांना बोलावून घेतलं आणि शाळा-वसतिगृहांचं काम त्यांच्याकडे सोपवलं. म्हणजे बघा, बडोद्यात शिकलेली माणसं थोडी नव्हती. कचेऱ्यांमध्ये, कोर्टात, शाळाखात्यात मराठी मंडळी भरपूर होती. आपल्यापैकी अनेकांचे पणजोबा त्याच नोकऱ्यांसाठी इथे आले. तरी या कामाला माणूस अमृतसरकडून आणावा लागला. घरच्या मोठ्या माणसांकडून संस्थानाच्या आठवणी ऐकताना हत्ती, मिरवणुका, लक्ष्मीविलासची रोषणाई सगळं ऐकलं. हे कधी ऐकलं नाही.

आता बाबासाहेब. मुंबईत त्यांच्या मॅट्रिकच्या सत्काराला कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजी हजर होते. आपणच लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांनी त्या मुलाच्या हातात ठेवलं. पुढे कॉलेजच्या खर्चाची ओढाताण सुरू झाली तेव्हा याच गुरुजींनी महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. १९१२ मध्ये बी. ए. झालं. १९१३ च्या जूनमध्ये करार झाला: कोलंबिया विद्यापीठात शिकायचं, महिन्याला साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, आणि परत आल्यावर संस्थानची दहा वर्षं नोकरी. दान म्हणून पाहिलं तर हे अतिशय नेमकं दान होतं. रक्कम ठरलेली, काम ठरलेलं, माणूस पारखलेला.

१९१७ मध्ये मुदत संपल्यामुळे लंडनचा अभ्यास अर्धा टाकून ते करार पाळायला बडोद्याला आले. पुढचं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे, त्यामुळे ऐकीव म्हणून ते बाजूला सारता येत नाही. स्टेशनवर उतरल्यावर पहिला प्रश्न: राहायचं कुठे? हिंदूंच्या खाणावळीत जात विचारणार. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून, रोजचा दीड रुपया देऊन ते वरच्या मजल्यावर राहिले. दुसरं कुणीच तिथे उतरलेलं नव्हतं. खोलीत अडगळ, रात्री वटवाघळं, उजेडाला एक कंदील. कचेरीत हुद्दा मोठा, पण शिपाई कागद लांबूनच टाकत. अकराव्या दिवशी सकाळी दहा-बारा पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत चालता हो म्हणाले.

सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता. तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत होता. दोन मित्र आठवले. एक हिंदू होता. तो म्हणाला, तू घरी आलास तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती झालेला ब्राह्मण होता. तो म्हणाला, बायकोला विचारून सांगतो, आणि मग नाही म्हणाला. रात्री मुंबईची गाडी होती. तोपर्यंतचा वेळ त्यांनी कमाटीबागेत बसून काढला. आपण जिथे मुलांना माकडं-मगरी दाखवायला नेतो ती हीच बाग. आज तिथली जागा 'संकल्पभूमी' म्हणून ओळखली जाते आणि दरवर्षी २३ सप्टेंबरला लांबलांबून माणसं येतात. आपल्या पेठांमधून किती जण जातात, हे ज्याचं त्याने आठवून पाहावं.

नेहमी म्हटलं जातं की महाराज चांगले होते, खालचे लोक वाईट निघाले. मला हे फार सोयीचं वाटतं. 'खालचे लोक' म्हणजे कोण? अर्ज अडवून ठेवणारे कारकून, घर नाकारणारे मित्र, खोली न देणारे घरमालक. म्हणजे पापभीरू, चतुर्थी करणारं, दारी आलेल्याला मूठभर धान्य देणारं गावच. महाराजांच्या खजिन्यातून कोलंबियाची फी गेली. गावाकडून अपेक्षा होती ती भाड्याच्या एका खोलीची, तीही पैसे घेऊन. गावातल्या लोकांच्या हातात जे देणं होतं, तेवढंच नेमकं मिळालं नाही.

याच काळात खालून, गावपातळीवर, वर्गणी गोळा करून एक काम उभं राहिलं होतं. त्याच्याशी बेळगावकडच्या, इंदूरच्या आणि बडोद्याच्या वाचकांचा थेट संबंध आहे. जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे. जमखंडी आज कर्नाटकात आहे. शिक्षणासाठी त्यांनाही सयाजीरावांची मदत झाली, आणि त्याआधी पुण्यात मराठा मुलांसाठी काढलेल्या एका फंडातून महिन्याचे काही रुपये मिळत. ऑक्सफर्डला धर्मांचा अभ्यास करून ते १९०३ मध्ये परतले. बडोद्याच्या अंत्यज शाळा त्यांनी पाहिल्या. अहमदनगरजवळ भिंगारला अस्पृश्यांच्या रात्रीच्या सभेत बसले. १८ ऑक्टोबर १९०६ ला मुंबईत परळला डिप्रेस्ड क्लासेस मिशनची पहिली शाळा निघाली. सुरुवातीला शेठ दामोदरदास सुखडवाला यांनी हजार रुपये दिले, अध्यक्ष न्यायमूर्ती नारायणराव चंदावरकर झाले. पुढे शाखा निघाल्या. पुण्यात निघाली, हुबळीत निघाली.

पुण्याच्या शाखेच्या वसतिगृहाला आणि इमारतींना इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी २० हजार रुपये दिले, म्हणून नाना पेठेतल्या त्या जागेचं नाव अहिल्याश्रम. पुण्याला जाणाऱ्या इंदूरकरांनी एकदा तिकडे जरूर डोकवावं. आपल्या गावच्या पैशाचं काय झालं ते दिसेल.

मला मोठ्या आकड्यांपेक्षा शिंद्यांच्या कामातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते. ते आणि त्यांचं कुटुंब वसतिगृहातल्या मुलांबरोबर राहिलं. बहीण जनाबाई कामात पूर्ण उतरल्या. पैसे गोळा करायचे आणि घरी जाऊन आंघोळ करायची, असा तो प्रकार नव्हता. बडोद्यात ज्यांना नोकर निघून जातील याची भीती वाटली, त्यांच्या शेजारी हे चित्र ठेवून पाहा.

तरी भांडण झालंच, आणि ते व्हायलाच हवं होतं. मिशनच्या कार्यकारिणीत बसणारे बहुतेक सवर्ण, सुधारक, सज्जन. ज्यांच्यासाठी संस्था काढली ती माणसं बाकावर, टेबलापाशी नाहीत. कायदेमंडळात अस्पृश्यांचे प्रतिनिधी कसे निवडावेत याबद्दल मिशनने स्वतःचं मत सरकारला कळवलं. ते असं होतं की ही निवड कायदेमंडळातल्या इतर सभासदांनी करावी. १९२० मध्ये नागपूरच्या परिषदेत तरुण आंबेडकरांनी याच्यावर कडाडून टीका केली. आमच्या वतीने बोलायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, असा तो सवाल होता. मिशनचा कारभार अस्पृश्य समाजातल्या माणसांच्या हाती असावा ही मागणीही वाढत गेली. १९२३ मध्ये शिंदे बाजूला झाले. आयुष्य ओतलेल्या माणसाला ते किती लागलं असेल! पण मागणी रास्त होती, असंच मला वाटतं. शिंद्यांचा मोठेपणा त्यामुळे कणभरही कमी होत नाही.

लगेच पुढच्या वर्षी, २० जुलै १९२४ ला, मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड, म्हणजे सवर्णांशी संबंध तोडलेले नव्हते. पण कारभार पाहणारी समिती बाबासाहेबांच्या हाताखाली होती. सोलापुरात वसतिगृह निघालं. १९२५ मध्ये निपाणीला परिषद भरली आणि बाबासाहेब तिथे आले. निपाणी-चिकोडीकडच्या जुन्या घरांमध्ये ही आठवण अजून असेल, ती कुणी लिहिली तर फार बरं होईल.

आता जरा लांब, अमेरिकेत जाऊ. उगाच नाही. बाबासाहेब न्यूयॉर्कला शिकत होते तेव्हा तिथे हाच प्रश्न वंशाच्या रूपात उभा होता. आपला या विषयाशी संबंध त्याहूनही जुना आहे. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या सुटकेसाठी झटलेल्या लोकांना.

तर १९१४ च्या जानेवारीत क्लीव्हलँड शहरात फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकरने एक वेगळी कल्पना काढली. श्रीमंत माणूस मृत्युपत्रात लिहून जातो की माझे पैसे अमुकच कामाला लावा. पन्नास वर्षांनी ते कामच उरत नाही, पण पैसे तिथेच अडकतात. मेलेल्या माणसाचा हात तिजोरीवर तसाच राहतो. गॉफने सुचवलं की सगळ्या शहराचा एकच फंड करायचा, आणि गावातल्या नागरिकांची समिती दरवर्षी गरज पाहून पैसे वाटेल. याला तिथे कम्युनिटी फाउंडेशन म्हणतात. आज अमेरिकेत अशा शेकडो संस्था आहेत. कल्पना झकास. पण गावाची समिती म्हटल्यावर गावात ज्यांची चलती, तेच समितीत बसणार. काळ्या माणसांच्या वस्त्यांना तीसच्या दशकात सरकारी नकाशांवर लाल रंग देऊन 'इथे कर्ज धोक्याचं' असं ठरवलं गेलं. तेव्हा त्या शहरांमध्ये दान होतं, देवळं होती, सज्जनही होते. भाड्याच्या खोलीचा प्रश्न तिकडेही तसाच होता.

दक्षिणेकडच्या राज्यांत दुसरा प्रयोग झाला, तो मला जास्त आवडतो. शिकागोचे ज्यू व्यापारी ज्यूलियस रोझेनवाल्ड आणि टस्कीगीचे कृष्णवर्णीय शिक्षक बुकर टी. वॉशिंग्टन यांनी मिळून काळ्या मुलांसाठी शाळा बांधायचं ठरवलं. रोझेनवाल्डची अट अशी की सगळे पैसे मी देणार नाही, गावाने आपला वाटा घालावा आणि सरकारी शाळाखात्यानेही घालावा. १९१२-१३ मध्ये टस्कीगीच्या आसपास पहिल्या सहा शाळा झाल्या. १९३२ पर्यंत १५ राज्यांमध्ये ४,९७७ शाळा उभ्या राहिल्या. रोझेनवाल्ड फंडाचे सुमारे ४३ लाख ६५ हजार डॉलर गेले. काळ्या कुटुंबांनी किती दिले? सुमारे ४७ लाख २६ हजार. शेतमजूर, कपाशी वेचणाऱ्या बायका, यांनी पैसा-पैसा करून, कोंबड्या विकून, लाकूड आणि अंगमेहनत देऊन कोट्यधीशापेक्षा जास्त रक्कम घातली. गोऱ्या शेजाऱ्यांची वर्गणी साधारण १२ लाख. आणि काळे लोक कर तर आधीच भरत होते, म्हणजे एकाच शाळेसाठी त्यांनी दोनदा पैसे मोजले. म्हणून या योजनेवर टीकाही झाली, आणि त्यात तथ्य आहे. पण शाळा 'आमची' झाली ती तिथे घातलेल्या घामामुळे.

२०२० मध्ये मिनिॲपोलिसला जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला. त्यानंतर अनेक शहरांमधल्या फाउंडेशननी वांशिक समतेसाठी वेगळे फंड काढले. काही ठिकाणी पैसे कुणाला द्यायचे हे ठरवणाऱ्या समितीत त्या वस्तीतलीच माणसं घेतली. नागपुरात १९२० मध्ये विचारलेला प्रश्न तिथे शंभर वर्षांनी पटलावर आला असं म्हणायला हरकत नाही. आपल्याकडे तो अजून आलेला नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, कुठेही जा. आपल्या मंडळांकडे, ज्ञातिसंस्थांकडे जुने विद्यार्थी फंड आहेत. कुणा आजीने पाटल्या विकून दिलेले पाचशे रुपये, कुणी मुलाच्या आठवणीसाठी ठेवलेली ठेव. परक्या मुलखात आलेल्या कुटुंबांनी एकमेकांना धरून राहण्यासाठी हे केलं, आणि त्यावर कितीतरी मुलं शिकली. मी त्याला नावं ठेवत नाही. खुद्द शिंद्यांनासुद्धा आधी जातीच्या फंडानेच हात दिला, हे वर आलंच आहे. पण त्या कागदांमध्ये एक ओळ असते: 'ज्ञातीतील गरजू व होतकरू विद्यार्थ्यांसाठी'. शंभर वर्षांपूर्वी ज्ञातीत गरजू पुष्कळ होते. आज त्याच ज्ञातीतली मुलं पुण्या-बंगलोरला, नाहीतर थेट परदेशात. अर्ज येत नाहीत, व्याज साठत जातं, आणि ८५ टक्क्यांच्या वर असलेल्या सगळ्यांना पेन आणि गुलाबाचं फूल मिळतं. गॉफला जो हात दिसला होता तो हाच.

कायद्याने यात थोडं बोट घातलं आहे, पण अर्धंच. १९६१ चा आयकर कायदा लागू झाल्यानंतर एखाद्या विशिष्ट धर्म-समाजासाठी किंवा जातीसाठी स्थापन झालेल्या धर्मादाय संस्थेला करसवलत नाही. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुलं यांच्यासाठीच्या संस्था मात्र त्यातून वगळल्या आहेत. आपले बहुतेक फंड त्याआधीचे, त्यामुळे ते सुखात आहेत. उद्देश बदलायचा तर धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागतं. वकील लागतो, वेळ जातो, आणि विश्वस्तांचं सरासरी वय पाहता कुणी त्या वाटेला जात नाही.

आमच्या गावातल्या एका जुन्या मंडळाने (नाव घेत नाही, ओळखणारे ओळखतील) मधला रस्ता काढला. सर्वसाधारण सभेत तासभर वादावादी झाली. एक काका म्हणाले, "आमच्या आजोबांनी आपल्या लोकांसाठी ठेवलेले पैसे आहेत, त्यांचा शब्द मोडायचा आपल्याला काय अधिकार?" त्यांचं म्हणणं प्रामाणिक होतं. एक निवृत्त शिक्षिका उठल्या आणि म्हणाल्या, "आपले लोक म्हणजे कोण, ते एकदा लिहून काढू या. माझ्या घरी वीस वर्षं स्वयंपाक करणाऱ्या ताई मराठी आहेत, बडोद्यातच जन्मल्या आहेत. त्यांची मुलगी आपल्यात धरायची की नाही?" सभा गप्प झाली. शेवटी जुना फंड आहे तसाच ठेवून, जातीची अट नसलेला दुसरा फंड काढायचं ठरलं. त्या दिवशीच्या वर्गणीत ते काका पहिले होते.

पहिल्या वर्षी अर्ज आले तीन, तिघेही सभासदांच्याच ओळखीचे. कारण साधं होतं. सूचना लावली होती मंडळाच्या हॉलमधल्या फळ्यावर, आणि त्या हॉलचा जिना ज्यांनी कधी चढलाच नाही त्यांना ती दिसणार कशी? दुसऱ्या वर्षी त्या शिक्षिकाबाईंनी सूचना गुजरातीत लिहून नगरपालिकेच्या शाळांमध्ये नेऊन दिली. मुलाखतीला मंडळात बोलावण्याऐवजी समितीच शाळेत गेली. अर्ज चाळिसाच्या वर आले. मग शाळेतल्या दोन शिक्षकांना समितीत घेतलं. ते मंडळाचे सभासद नाहीत, दोघंही दलित समाजातले आहेत, आणि मत द्यायचा अधिकार इतरांइतकाच. ही गोष्ट सहज झाली असं समजू नका. एक विश्वस्त त्यावर राजीनामा देऊन गेले.

नव्या समितीने पहिला बदल काय केला माहीत आहे? टक्क्यांची अट काढली आणि बसभाड्याचे पैसे सुरू केले. फी माफ असते, पण रोजच्या जाण्यायेण्याच्या पैशांपायी अकरावीतल्या मुली घरी बसतात, हे त्या दोन शिक्षकांना माहीत होतं. आपल्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. भाड्याच्या खोलीचं मात्र अजून तसंच आहे. त्याच फंडातून शिकणाऱ्या एका मुलाला कॉलेजजवळ खोली हवी होती. दोन ठिकाणी नाव सांगितलं, आडनाव विचारलं, आणि खोली 'कालच गेली' होती. तिसरी मिळाली ती समितीतले एकजण बरोबर गेले म्हणून.

तर मंडळी, एक विनंती. तुमच्या गावच्या मंडळाच्या, ज्ञातीच्या विद्यार्थी फंडाचे जुने कागद, घटना, देणगीदारांच्या याद्या कुणाकडे असतील तर त्यातला 'कुणासाठी' हा भाग कमेंटमध्ये लिहा. साल लिहा, कुणी अट बदलली असेल तर कशी बदलली तेही लिहा. हुबळीच्या मिशन शाखेत कुणाच्या घरचं कुणी काम केलं असेल तर ते हवंच आहे. आणि बडोदेकरांनो, येत्या २३ सप्टेंबरला सकाळी आम्ही काहीजण कमाटीबागेत जाणार आहोत. दांडिया बाजारातून चालत निघू, साडेसातला.